द्रासच्या वाटेवरची पुढची सीट

श्रीनगर, गुलमर्ग, पहलगामचे फोटो टाकून झाले. शिकारेवाल्याने कसं लुबाडलं तेही सांगून झालं. आज फक्त सोनमर्ग ते द्रास.

आमच्या बसमध्ये पुढच्या सीटवरून रोज भांडणं. शेवटी टूर मॅनेजरने पाळी लावली आणि झोजिला घाटाच्या दिवशी ती नेमकी माझी आली. पहाटे चार, थंडीने बोटं वाकडी झालेली. तेवढ्यात साताऱ्याकडचे मेजर जवळ आले. तसे हवालदार म्हणून रिटायर झालेले, पण गावाकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच.

"ताई, एवढा घाट पुढं बसू का?"

"काका, पाळीचं ठरलंय ना आपलं?"

"व्हय व्हय, ऱ्हाऊ द्या," म्हणत ते गुडघा धरून मागे गेले. तो गुडघा मला दिसला होता.

साडेअकरा हजार फुटांवरची ती खिंड मी कशी पाहिली म्हणाल, तर डोळे मिटून. एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला भिंतीसारखा डोंगर, मध्ये चिखल. पुढची सीट अक्षरशः वाया घालवली.

द्रासचं कारगिल युद्धस्मारक तोलोलिंग डोंगराच्या पायथ्याशी आहे. मॅनेजरने चाळीस मिनिटं दिली होती, त्यातली पंधरा स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली. मग एका तरुण जवानाने समोरचे डोंगर बोटाने दाखवत सगळं सांगितलं. तोलोलिंग 13 जून 1999 ला परत घेतलं, टायगर हिल 4 जुलैला. वर बसलेल्या शत्रूला खालचा श्रीनगर-लेह रस्ता कसा तळहातासारखा दिसत होता, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं. या युद्धात आपले 527 जवान गेले. नावांच्या भिंतीसमोर मी दोन ओळी वाचल्या आणि तिसऱ्या ओळीवर कुणाचं तरी सेल्फीसाठीचं कोपर आलं.

तेवढ्यात कुणीतरी मेजरांना विचारलं, "तुम्ही होतात का हो या लढाईत?"

"व्हतो की."

झालं! दहा-बारा जणांचं कडं पडलं. घोषणा झाल्या, एका काकूंनी पाया पडायला मुलगा पुढे ढकलला. मीही व्हिडिओ सुरू केला.

"टायगर हिलवर होतात?"

"न्हाई. एएससी. रसद पोचवणारं दल. गाडीवर."

"म्हणजे गोळीबार वगैरे...?"

"आमी गोळी न्हाई चालवली. गाडी चालवली."

कडं विरघळलं. रागाने किंवा उद्धटपणे नाही; लग्नात जेवणाची हाक आल्यावर माणसं उठतात तसं. मी व्हिडिओ बंद केला, आणि खरं सांगायचं तर साठवलाही नाही.

नंतर मेजर सापडले ते फाटकाशी, स्मारकाकडे पाठ करून रस्त्याकडे बघत. लष्करी ट्रकांचा ताफा चालला होता. ते कान देऊन ऐकत होते. एका ट्रककडे बघून फाटकावरच्या जवानाला म्हणाले, "उस के पीछे का अंदरवाला टायर बैठा है, बोल दो आगे." जवानाने वायरलेसवर सांगितलं आणि यांना कडक सलाम ठोकला.

मग ते आपणहून बोलले. रात्री दिवे बंद करून ट्रक काढायचे. पुढच्या गाडीच्या मागे पांढरा ठिपका रंगवलेला, तो धरून चालवायचं. मागे कधी रॉकेल, कधी पीठ, कधी बोफोर्सचे गोळे, एकेक चाळीस किलोच्या वरचा. "वरनं गोळा पडला तर आपल्या मागं काय भरलंय, ह्येचा इचार करायचा न्हाई. गिअरचा करायचा." त्या युद्धात आपल्या तोफखान्याने अडीच लाखांच्या आसपास गोळे, बॉम्ब आणि रॉकेट डागली, हे आकडे मी आतल्या दालनात वाचले होते. तो माल या रस्त्याने वर कुणी आणला असेल, हे काही डोक्यात आलं नव्हतं.

"सकाळी पुढं कशाला बसायचं होतं, काका?"

"एक वळण बगायचं व्हतं. तितं आमची एक गाडी गेली. दोगं व्हती तिच्यात." पुढे काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

बसचा हॉर्न वाजला. मी घाईघाईने पुढच्या सीटवरची माझी शाल, पाण्याची बाटली, पर्स उचलली. "काका, तुम्ही बसा इथे. कारगिलपर्यंत. लेहपर्यंत सुद्धा."

त्यांनी गुडघ्यावर हात ठेवून पायरी चढली आणि मागे जाता जाता म्हणाले, "आता कशाला ताई? घाट तर मागं पडला."