गॅस भरणं थांबवलं आणि एसी घरीच साफ केला

माझी हॅचबॅक 2006 सालची. दर मार्चमध्ये एसी कोमट हवा फेकायला लागायचा आणि गॅरेजमध्ये ठरलेलं उत्तर मिळायचं, "साहेब, गॅस कमी झालाय, भरून देतो." पावसाळ्यापर्यंत निभायचं, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. खरं तर एसीची सिस्टिम बंदिस्त असते, त्यातला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. कमी झाला म्हणजे तो कुठून तरी जातोय. यंदा गॅस दाबून फिरवणारा कॉम्प्रेसरही घरघरायला लागला, तेव्हा मुळापासून काम करायचं ठरवलं.

उरलासुरला आर-134ए, म्हणजे एसीत थंडावा देणारा गॅस, तो परत जमा करणारं रिकव्हरी मशीन असलेल्या वर्कशॉपमधून काढून घेतला. हा गॅस ओझोनला धक्का लावत नाही, पण एक किलो हवेत सुटला तर तो साधारण 1,430 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. त्यामुळे नट सैल करून फुस्सकन सोडून देणं मला पटत नाही.

बाकी सगळं सोसायटीच्या पार्किंगमध्ये. शेजारचे काका फ्रिज दुरुस्त करतात, त्यांच्याकडून नायट्रोजनचा सिलिंडर आणि रेग्युलेटर आणला. 150 पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे दाबाचं एकक) दाब भरून प्रत्येक जॉइंटला साबणाचं पाणी लावलं. गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीच्या, म्हणजे कंडेन्सरच्या, खालच्या कोपऱ्यात तेलकट धुळीचा डाग होता, फेस नेमका तिथेच आला. गॅससोबत थोडं तेलही बाहेर पडतं, म्हणून असा डाग दिसला की आधी तिथेच बघावं.

दाब सोडून पाइप उघडले तर तेल काळपट. बोटांवर चोळलं तेव्हा त्यात धातूचा बारीक चुरा चमकला. कॉम्प्रेसर आतून झिजत होता आणि तो कचरा सगळीकडे फिरला होता. अशा वेळी नुसता नवा कॉम्प्रेसर बसवला तर हाच चुरा त्यालाही खातो. कंडेन्सरच्या आतल्या वाटा इतक्या बारीक असतात की अडकलेला कचरा फ्लशनेही धड निघत नाही. म्हणून कंडेन्सर, ड्रायर (ओलावा शोषणारा डबा), एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (गॅसचा दाब एकदम उतरवणारी बारीक वाट) आणि कॉम्प्रेसर नवे घेतले. धुवायचे राहिले पाइप आणि डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल.

हातमोजे, गॉगल, आणि एसीसाठी मिळणारं फ्लश सॉल्व्हंट. पेट्रोल किंवा थिनर अजिबात नको, आगीचा धोका असतो. गॅस एरवी ज्या दिशेने वाहतो त्याच्या उलट दिशेने सॉल्व्हंट सोडलं, थोडा वेळ मुरू दिलं, मग नायट्रोजनने ढकललं. दुसऱ्या तोंडाला पांढरं फडकं धरलं होतं. आधी डांबरासारखा काळा घोट आला, मग करडं पाणी, आणि बऱ्याच फेऱ्यांनंतर फडकं स्वच्छ राहिलं. त्यानंतरही नायट्रोजन सोडत राहिलो, वर्तमानपत्राच्या कागदावर ओला ठिपका उमटेनासा होईपर्यंत. सॉल्व्हंट आत राहिलं तर नवं तेल पातळ होतं, त्यामुळे इथे घाई नकोच.

जोडताना जॉइंटची प्रत्येक रबरी ओ-रिंग नवी, तेलाचं बोट लावून. कॉम्प्रेसरचं तेल, पॅग ऑइल, हवेतला ओलावा पटकन शोषतं, म्हणून बाटली आणि ड्रायरची टोपणं अगदी शेवटी उघडली. नायट्रोजनने पुन्हा तपासलं, कुठेच फेस नाही.

मग व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली सगळी हवा ओढून घेणं. गेजचा काटा 28 इंचांच्या (पाऱ्याच्या) आसपास थांबला. माहितीपत्रकात जवळपास 30 लिहिलेलं असतं, पण ते समुद्रसपाटीचं. पुणे साधारण 560 मीटर उंचीवर आहे, इथे हवेचा दाबच कमी, म्हणून काटा त्यापुढे जात नाही. अशा पोकळीत पाणी खोलीच्या तापमानालाच उकळून वाफ होतं आणि पंप ती ओढून घेतो. ओलावा राहिला तर आत आम्ल तयार होतं, एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये बर्फ धरतो. तासाभराहून जास्त पंप चालवला, व्हॉल्व्ह बंद करून रात्रभर सोडलं. सकाळी काटा तिथेच. सगळ्या कामात मला सर्वात जास्त आनंद या काट्याने दिला.

बॉनेटखालच्या स्टिकरवर 500 ग्रॅम लिहिलं होतं. कॅन वजनकाट्यावर उभा ठेवून तेवढाच गॅस भरला. सुरू करण्याआधी कॉम्प्रेसर क्लचच्या टोकाने हाताने फिरवून घेतला, म्हणजे आत साठलेलं तेल एकदम दाबलं जात नाही. इंजिन चालू असताना गेजचा फक्त निळा, लो साइडचा (कमी दाबाच्या बाजूचा) व्हॉल्व्ह उघडायचा. लाल चुकून उघडला तर हाय साइडचा (जास्त दाबाच्या बाजूचा) दाब कॅनमध्ये शिरून तो फुटू शकतो.

बाहेर 36 अंश असताना लो साइडला 35 पीएसआय, हाय साइडला 220, आणि मधल्या व्हेंटमधून 8 अंशांची हवा. आता थंडीतही आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी लावतो, म्हणजे तेल शाफ्टच्या सीलपर्यंत पोचत राहतं आणि सील सुकत नाही.