कर्ब भरपूर, पण कोळशाचा

आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात कोळसा नाही. पायाखाली बेसॉल्ट आणि डोंगरमाथ्यावर जांभा. त्यामुळे एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीतली माती तपासायची म्हटल्यावर घरी सगळ्यांना नवल वाटलं. उघड्या खाणीत कोळशाच्या वरचा दगड-मातीचा थर काढून बाजूला टाकतात, त्याला तिथं ओबी (ओव्हरबर्डन) म्हणतात. अशाच एका ढिगाऱ्यावर झाडं लावायची होती, आणि त्याआधी तिथली माती तपासून द्यायचं काम आमच्या मॅडमकडे आलं होतं.

जुलैत गेले. ढिगाऱ्यात पिवळट वाळूखडक जास्त, मध्येच काळ्या शेलचे, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या पापुद्र्यांच्या खडकाचे, पट्टे. शेलचा एक चपटा तुकडा फोडला, तर आत टाचणीच्या टोकाएवढे सोनेरी ठिपके चमकले. ते पायराइट, म्हणजे लोह आणि गंधक. जमिनीत गाडलेलं असतं तोवर ते शांत राहतं. हवा-पाणी लागलं की त्यातून गंधकाम्ल तयार होतं, आणि त्या आम्लात दगडातले धातू सुटे होऊन पाण्याबरोबर निघतात. पायथ्याच्या चरीचा तळ केशरी झाला होता.

चौदा जागांचे नमुने घेतले. खुरपं स्टेनलेस स्टीलचं आणि बादली प्लास्टिकची, कारण जस्ताचा मुलामा असलेली बादली वापरली की नमुन्यात जस्त उतरतं. ओल्या मातीच्या पिशव्या तशाच बांधल्या आणि वर्ध्याला महाराष्ट्र एक्सप्रेस पकडली. ही माझी मोठी चूक होती. कोल्हापुरात धो धो पाऊस, आणि पिशव्या नऊ दिवस घराच्या कोपऱ्यात पडून राहिल्या.

लॅबमध्ये पहिलाच धक्का बसला. अकरा नंबरच्या नमुन्याचा सामू (पीएच; जितका कमी, तितकी माती आम्ल) जागेवर 5.9 होता, इथं 4.4. बफरमध्ये, म्हणजे ठरलेल्या सामूच्या द्रावणात, मीटर पुन्हा लावून पाहिला, तरी तेच. मॅडम म्हणाल्या, "मीटर बरोबर आहे गं. पिशवीत हवा होती, ओल होती. आम्ल तिथंच तयार झालं." म्हणजे मी ढिगाऱ्याची नाही, नऊ दिवस भिजत पडलेल्या पिशवीची माती मोजत होते.

पद्धती तरी हाताखालून जाव्यात म्हणून त्याच नमुन्यांवर पुढचं काम केलं. सेंद्रिय कर्ब काढला तर काही नमुन्यांत तो दोन टक्क्यांच्या वर. बाबा ऊस करतात, आमच्या रानाच्या माती परीक्षणात तो जेमतेम अर्धा टक्का येतो. आकडा ऐकून ते म्हणाले, "एवढा कर्ब? मग सोनंच की ती माती." पण तो कर्ब कुजलेल्या पाल्याचा नाही, कोळशाच्या भुकटीचा. कर्ब मोजायला वापरतात त्या डायक्रोमेट या रसायनाला दोन्हीतला फरक कळत नाही. झाडाला मात्र कळतो.

सगळ्यात जास्त शिकवलं ते हायड्रोजन पेरॉक्साइडच्या चाचणीनं. हवा-पाण्यानं पायराइटचं जे आम्ल सावकाश होतं, ते पेरॉक्साइड झटपट करून दाखवतं. अडीच ग्रॅम बारीक भुकटी आणि 250 मिली पेरॉक्साइड, 15 टक्के तीव्रतेचं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग फ्लास्क हाताला गरम लागायला लागला आणि शेगडीशिवाय त्याला उकळी फुटली, फेस थेट मानेपर्यंत. उकळून थंड झाल्यावर सामू 4.5 च्या खाली आला, तर ती माती आम्ल करणारी समजतात. इथंही कोळसा फसवतो, कारण पेरॉक्साइडनं त्याचीही सेंद्रिय आम्लं होतात. म्हणून त्या पाण्यात बेरियम क्लोराइड घालून सल्फेट, म्हणजे गंधकाम्लाची खूण, पाहिलं. तीन नमुन्यांत दुधासारखा पांढरा गढूळपणा आला. तिन्ही काळ्या शेलचे. त्यांचं आम्ल गंधकाचंच होतं.

पायराइटचं गंधक एक टक्का असेल, तर त्याचं आम्ल मारायला टनभर मातीमागे 31.25 किलो चुनखडी लागते. हा हिशेब मी बाबांसाठी एकरात मांडला. वरच्या पंधरा सेंटिमीटर मातीचं वजन साधारण 900 टन, म्हणजे एकरी 28 टन चुनखडी. बाबा बराच वेळ गप्प बसले. "उसाची गाडीच्या गाडी रिकामी करायची म्हण की," एवढंच बोलले. म्हणूनच अशी शेल नंतर चुन्यानं सुधारत बसण्यापेक्षा आधीच ओळखून चांगल्या मातीखाली खोल गाडणं बरं, असं मला वाटतं.

जानेवारीत पुन्हा गेले, त्याच चौदा जागांवर. या वेळी मुक्कामाच्या खोलीत वर्तमानपत्रं पसरून नमुने सावलीत दोन दिवस वाळवले, ढेकळं फोडली, मगच पिशव्या भरल्या. कोल्हापुरात आल्या दिवशी अकरा नंबर काढला. तिथं 5.8 होता, इथं 5.7. धातूंच्या तपासणीला मी हेच नमुने दिले, आणि जुलैचे आकडे अहवालातून काढून टाकले.