चॉकलेटचा चीक

गेल्या महिन्यात आईचे चार दात एका बैठकीत काढले, कवळी बसवायची म्हणून. डॉक्टरांनी सांगितलं, दोन-तीन दिवस थंड आणि मऊच द्या, तिखट नको, गरम नको, स्ट्रॉने काही प्यायचं नाही. पहिल्या दिवशी आईसक्रीम, दुसऱ्या दिवशी दहीभात मिक्सरमधून काढून, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बाईसाहेबांनी वाटी बाजूला सरकवली. "पोराला भरवल्यासारखं काय लावलंय गं मला." गाल सुजलेला, बोलणं बोबडं, आणि तरी आवाजात तोच जुना दरारा. मी ऑफिसच्या कॉलवर होते, महिनाअखेर, कान एकीकडे आणि डोळे तिच्याकडे. त्या दिवशी मला स्वतःलाच काहीतरी गोड, गार आणि गच्च हवं होतं खरं सांगायचं तर. आईचं निमित्त.

तर रात्री साडेदहाला जाड बुडाचं पातेलं काढलं आणि चॉकलेट पुडिंग करायला घेतलं.

आमच्या लहानपणी पुडिंग म्हणजे एकच, कॅरॅमलवालं, डब्यात साखर जाळायची, वर अंडी-दूध ओतायचं, कुकरला शिट्टी न लावता वाफवायचं आणि मग ताटात उलटं करताना सगळ्यांनी श्वास रोखून उभं राहायचं. दुसरं कस्टर्ड, केळी-डाळिंब-द्राक्षं घातलेलं, उन्हाळ्यात पाहुणे आले की हमखास. आता हे चॉकलेट पुडिंग म्हणतेय ते या दोघांच्या मधलं, अमेरिकेत घरोघरी गॅसवर करतात तसलं. ओव्हन नाही, वाफवणं नाही, उलटं पाडणं नाही. दूध, साखर, कोको, कॉर्नफ्लोअर, शेवटी खरं चॉकलेट. बास. चमच्याने खायचं, वाटीतून, शक्यतो मांडी घालून.

आणि तरीही बऱ्याच जणींचं हे बिघडतं. कुणाचं पातळ राहतं, कुणाला कच्च्या पिठाची चव लागते, कुणाचं रात्री छान असतं आणि सकाळी पाणी. माझंही बिघडलंय, सगळ्या प्रकारे बिघडलंय. त्यातला शेवटचा प्रकार सगळ्यात चीड आणणारा, तो सांगते.

सात-आठ वर्षांपूर्वी पहिल्यांदा केलं तेव्हा रेसिपीत तीन अंड्यांचे पिवळे बलक होते. अंडं फाटेल या भीतीने मी गॅस इतका बारीक ठेवला की दूध नुसतं घट्ट झालं, उकळी काही येऊ दिली नाही. रात्री वाट्यांमधे ओतलं तेव्हा काय देखणं दिसत होतं! सकाळी फ्रीज उघडला तर चॉकलेटचं सार. नवरा म्हणाला, चांगलंय की, पिता येईल. (तो बिचारा सगळंच चांगलं म्हणतो, त्याच्या मताला म्हणून काही किंमत नाही.) नंतर वाचल्यावर कळलं की अंड्याच्या बलकात अमायलेज नावाचं एन्झाइम असतं आणि ते स्टार्च खातं. खातं म्हणजे तोडतं. नीट उकळी आली की ते मरतं, नाही आली की रात्रभर फ्रीजमधे शांतपणे बसून तुमचं पुडिंग पोखरत राहतं. म्हणजे मी ज्या उकळीला घाबरत होते तीच नेमकी हवी होती. आणि कॉर्नफ्लोअर सोबत असलं की बलक तसा पटकन फाटत नाही, स्टार्च त्याला सांभाळून घेतं.

हेच अमायलेज आपल्या थुंकीतही असतं बरं का. आमच्या कन्येची एक सवय आहे, मोठ्या भांड्यातून एक चमचा खायचा, तोच चमचा परत भांड्यात बुडवून ठेवायचा, तासाभराने परत एक. संध्याकाळपर्यंत तिच्या बाजूला छोटं तळं आणि दुसऱ्या बाजूला पुडिंग जसंच्या तसं. मी तिला ते दाखवलं तर "ईईई" करून पळाली, पण तेव्हापासून वाटीत काढून घ्यायला लागली. हजार वेळा ओरडून जे झालं नव्हतं ते झालं.

आता चिकाकडे येते, कारण मला हे पुडिंग खरं समजलं ते त्यामुळे.

आमचं माहेर कऱ्हाडकडचं. एप्रिल-मेमधे कुरडया व्हायच्या. तीन दिवस गहू भिजायचे, रोज पाणी बदलायचं, आणि त्या आंबूस वासाने अख्खं मागचं दार भरून जायचं. मग वाटायचे, गाळायचे, पिळायचे, आणि ते पांढरं पाणी रात्रभर झाकून ठेवायचं. सकाळी वरचं पाणी ओतून टाकलं की तळाला घट्ट पांढरा चीक. तो मोजायचा, तेवढंच पाणी पातेल्यात उकळायला ठेवायचं, मीठ घालायचं, आणि एकीने धार धरायची, दुसरीने ढवळायचं. ढवळणारी नेहमी आई. लाकडी दांडा दोन्ही हातांनी धरून, पदर खोचून, घामाने निथळत. मधे थांबलं की गुठळ्या, आणि आईचा तिथे एकच मंत्र होता, "पांढरा आहे तोवर कच्चा आहे. चमकला की झाला." आणि खरंच, दुधासारखं पांढरं असलेलं ते एका क्षणी काचेसारखं व्हायचं, जड व्हायचं, फद् फद् करत मोठे बुडबुडे फोडायला लागायचं, एखादा हातावर उडायचा आणि चटका बसायचा. कच्चा राहिला तर कुरडया वाळल्यावर चुरा. सोऱ्यात भरायच्या आधी आम्हा पोरांना एकेक वाटी गरम चीक मिळायचा, कुणाला दूध-साखर घालून, कुणाला वरून कच्चं तेल. सगळा उन्हाळा त्या वाटीसाठी.

कॉर्नफ्लोअर म्हणजे दुसरं काय हो? मक्याचा चीकच तो, वाळवून डब्यात भरलेला. गव्हाचा चीक, नाचणीचं सत्त्व, आरारूट, सगळी एकाच कुळातली मंडळी. स्टार्चचे कण गार पाण्यात नुसते तळाला बसतात. गरम व्हायला लागले की साधारण 65 डिग्रीच्या आसपास पाणी पिऊन फुगायला लागतात आणि उकळीच्या जवळ आले की खरे घट्ट होतात, तोपर्यंत ती पिठूळ चव जात नाही. कस्टर्ड पावडरसुद्धा हेच, त्यात अंडं नसतंच मुळी. 1837 साली बर्मिंगहॅमच्या अल्फ्रेड बर्डने ती काढली कारण त्याच्या बायकोला अंडं चालत नव्हतं. म्हणजे बायकोसाठी चीक शिजवणारा नवरा! आमच्याकडे असा एकही झाला नाही.

आणि म्हणून माझं म्हणणं असं की ज्या बाईला (किंवा बुवाला) पिठलं येतं तिला पुडिंग येतंच. फक्त गोड आहे म्हणून उगाच नाजूक हाताने करू नका.

तर अर्धा लिटर दूध. म्हशीचं असेल तर उत्तम, नाहीतर पिशवीतलं फुल क्रीम, त्यात निदान 6 टक्के फॅट असतं आणि टोन्डमधे 3, हा फरक जिभेला थेट कळतो. परदेशी रेसिपीत हेवी क्रीम असतं ते म्हशीच्या दुधामुळे मी सरळ वगळते. पातेल्यात आधी कोरडंच सगळं घ्यायचं, सपाट तीन टेबलस्पून कॉर्नफ्लोअर, चार कोको, साखर पाव कप आणि वर थोडी, मीठ दोन चिमटी. ते व्हिस्कने नीट मिसळून घ्यायचं कारण कोकोत फॅट असतं, तो थेट दुधात टाकला की तरंगत बसतो आणि छोट्या छोट्या गोळ्या होतात ज्या नंतर दाताखाली कडू फुटतात. साखरेत घोळला की सुटा होतो. मग कपभर गार दूध, गारच, आधी पेस्ट, मग उरलेलं दूध. अर्धा चमचा इन्स्टंट कॉफी. कॉफीची चव लागत नाही, चॉकलेट मात्र जास्त चॉकलेट लागतं.

कोकोचं एक सांगायला हवं. दुकानात दोन तऱ्हेचा मिळतो, साधा, थोडा आंबटसर आणि फिकट, आणि दुसरा डच प्रोसेस, अल्कलीने धुतलेला, काळपट आणि चवीला मवाळ. डच म्हणायचं कारण हॉलंडमधलं व्हॅन हाउटेन घराणं, 1828 मधे त्यांनी कोकोतून लोणी पिळून काढायच्या प्रेसचं पेटंट घेतलं आणि अल्कलीची युक्तीही त्यांचीच. पुडिंगला मी डच वापरते, रंग काय येतो! पण साधा असेल तर अडून बसू नका.

चॉकलेट मात्र अडून बसण्यासारखी गोष्ट आहे. 100 ग्रॅम डार्क, आणि पाकिटाची मागची बाजू वाचायची. कोको बटर लिहिलेलं पाहिजे. हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट लिहिलं असेल तर ते कंपाउंड, केकवर ओतायला मस्त, टेम्पर करायची, म्हणजे मोजून-मापून वितळवायची आणि गार करायची, कटकट नाही, पण फ्रीजमधे गार झालेल्या पुडिंगमधे ते मेणचट लागतं, टाळूला थर बसल्यासारखं. कोको बटर अंगाच्या उष्णतेला वितळतं, सगळी गंमत तिथेच आहे. बजेट नसेल तर 50 ग्रॅमच घाला पण खरं घाला.

गॅस मध्यम. आणि आता ढवळत उभं राहायचं, सपाट उलथन्याने, तळ आणि कोपरे खरवडत. फोन ओट्यावर पालथा. पहिली पाच मिनिटं काहीच होत नाही आणि माणसाला वाटतं कॉर्नफ्लोअर कमी पडलं बहुतेक, घालावं का अजून एक चमचा. अजिबात घालू नका, थांबा. मग अचानक तळाशी जडपणा लागतो, उलथन्यामागे वाट राहायला लागते, आणि बघता बघता फद् फद्. इथे गॅस बारीक करून घड्याळ लावून दीड मिनिट ढवळायचं, पांढरं तर दिसणार नाही पण चमक दिसते, मॅट होतं ते एकदम तुकतुकीत होतं. आईचा मंत्र इथे शब्दशः लागू. मग गॅस बंद, चॉकलेटचे बारीक तुकडे, चमचाभर लोणी, दोन थेंब व्हॅनिला. चॉकलेट आत गेल्यावर परत उकळायचं नाही, जळकट वास येतो.

वेलची घालू नका. मला माहितीये तुमचा हात डब्याकडे जाणार. नका घालू.

साय येऊ द्यायची की नाही यावर घराघरात दोन पक्ष. नको असेल तर गरम असतानाच पुडिंगला चिकटेल असं प्लास्टिक लावायचं वरून. मला ती जाड सुरकुतलेली साय आवडते, मी माझ्या वाटीला काही लावत नाही आणि आधी साय उचलून खाते. फ्रीजमधे किमान चार तास. गार होताना ते आपोआप बांधलं जातं, त्या वेळात मधे मधे ढवळून बघायला जाऊ नका, एकदा धरलेलं मोडलं की मोडलं. आणि फ्रीझरमधे तर मुळीच नको, बाहेर काढल्यावर पाणी सोडतं.

पातेलं कुणी चाटायचं यावर आमच्याकडे पाळी असते. त्या रात्री सगळे झोपलेले, त्यामुळे मीच, ओट्याला टेकून, उभ्याने. महिनाअखेर, एक्सेल, दुपारचा तो कॉल, सगळं त्या पातेल्याच्या कडेला जमलेल्या घट्ट चॉकलेटमधे जरा वेळ गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला दिलं. काय आहे ते सांगितलं नाही, नुसती वाटी आणि छोटा चमचा. पहिला घास तिने तोंडात धरला, चावायचं नव्हतंच, गालातल्या गालात फिरवला. दुसरा घेतला. मग चमचा उलटा करून वाटीत आपटला, पुडिंग जरासं थरथरलं, ते बघत म्हणाली,

"अगं हा तर चीक आहे."

मी म्हटलं, मक्याचा. "ते असू दे. नीट शिजवलायस," म्हणाली. कऱ्हाडच्या त्या परसात मी पंधरा उन्हाळे तिच्या शेजारी उभी राहिले, धार धरली, तेव्हा कधी हे वाक्य मिळालं नव्हतं. मग तिसरा घास खाल्ला आणि तिला एकदम आठवलं, "तेल आण की जरा. आणि मीठ." मी म्हटलं आई चॉकलेट आहे ते. "मग? चिकावर तेल नको?" टाके ओढत होते तरी हसली.

दिलं नाही मी तेव्हा, जखमेला मीठ कशाला. पण रात्री माझी वाटी घेऊन बसले आणि राहवेना, घाण्याचं शेंगदाण्याचं तेल अर्धा चमचा वरून सोडलं, जाड मिठाचे चार खडे कुस्करून टाकले. नवरा पाणी प्यायला उठला होता, दारात उभा राहून बघत होता. "काय चाललंय?" म्हटलं ये, चमचा घेऊन ये, आणि स्वतःची वाटी घे, यातला मिळणार नाही.