साखरेची चुकलेली बाटली

जुन्या वह्या आवरताना परवा एक पान हाती लागलं. वर तारीख, खाली दोन रकाने आणि दोन्हींत जवळजवळ सारखेच आकडे. त्याखाली पेन दाबून लिहिलेलं माझंच अक्षर: 'ग्लुकोज! ग्लुकोज!! मूर्ख.'

परजीवींच्या प्रयोगशाळेत मला तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. माझ्या वाट्याला आला होता एंटअमीबा हिस्टोलिटिका, म्हणजे रक्ती आव घडवणारा अमीबा. जगभरच्या प्रयोगशाळांत त्याचा जो वाण सर्रास वाढवतात तो १९६७ साली मेक्सिकोत आव झालेल्या एका रुग्णाकडून मिळवलेला आहे. आमच्याकडेही तोच होता. फिरकीच्या झाकणाच्या काचेच्या नळ्यांत तो वाढतो, आतल्या भिंतीला चिकटून. काढायचा असला की नळी दहा मिनिटं बर्फात ठेवायची. पकड सुटते आणि धुरकट लोट तळाशी उतरतो.

त्या दिवशीचा प्रयोग तसा साधाच. अमीबा आणि हॅमस्टरच्या अंडाशयापासून आलेल्या पेशी एकत्र करायच्या, हलकेच फिरवून तळाशी आणायच्या, बर्फात ठेवायच्या आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं. ज्या अमीबाला तीन किंवा जास्त पेशी चिकटल्या असतील तो 'रोझेट'. रॅव्हडिन आणि गेरंट यांनी १९८१ साली ही रीत रूढ केली. बर्फ अशासाठी की थंडीत अमीबा पेशीला धरू शकतो, पण मारू शकत नाही. त्यामुळे नुसती पकड मोजता येते. (गंमत बघा, त्याच थंडीत काचेवरची पकड सुटते आणि पेशीवरची टिकते. दोन्ही पकडी वेगळ्या आहेत हे मला कोणी सांगण्याआधी बर्फाच्या डब्याने सांगितलं.)

एका नळीत नुसतं द्रावण, दुसरीत एक टक्का गॅलॅक्टोज नावाची साखर. गॅलॅक्टोज घातलं की रोझेट कोसळायला हवेत. माझे कोसळले नाहीत. दुसऱ्या नळीतही अमीबे अंगाला पेशी लगडवून ऐटीत बसलेले. मी आधी अमीब्यांवर संशय घेतला, मग पेशींवर, मग बर्फावर. संध्याकाळी कपाट उघडलं तर सारख्याच दोन पांढऱ्या बाटल्या शेजारी शेजारी, दोन्हींत पांढरी पूड, आणि मी उचललेली बाटली ग्लुकोजची.

मॅडमना सांगायला गेले तेव्हा ओरडा खायची तयारी होती. त्या आकड्यांकडे बघून म्हणाल्या, "अगं, मग ग्लुकोजने काही होत नाही हा कंट्रोल, म्हणजे तुलनेची नळी, तुझा झाला की. उद्या गॅलॅक्टोज घाल आणि तीन रकाने कर."

दुसऱ्या दिवशी केले. तिसऱ्या रकान्यात रोझेट शोधावे लागत होते. एखादा अमीबा दिसायचा तो लख्ख, एकटा, कडेला एखादी पेशी चुकूनमाकून. पेशी सगळ्या बाजूला गोल गोल पडलेल्या, कोणी हात न लावल्यासारख्या.

ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज यांत अणू तितकेच, सांगाडाही तोच. फरक एवढाच की चौथ्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट एकात या बाजूला असतो, दुसऱ्यात त्या बाजूला. अमीबाच्या पृष्ठभागावरचं लेक्टिन नावाचं प्रथिन एवढं ओळखतं. त्याची एक जड साखळी आहे, सुमारे १७० किलोडाल्टन वजनाची, अमीबाच्या पटलातून, म्हणजे त्याच्या भोवतालच्या पातळ पडद्यातून, आरपार गेलेली, आणि तिला जोडलेली एक हलकी साखळी. पेशीच्या बाहेरच्या अंगावर शर्करांच्या ज्या फांद्या असतात, त्यांच्या टोकाचं गॅलॅक्टोज किंवा त्याचीच भाऊबंद साखर एन-ॲसिटाइलगॅलॅक्टोसामाइन जड साखळी धरते. द्रावणात सुटं गॅलॅक्टोज भरपूर असलं की तिची पकडच त्याने भरून जाते आणि पेशी हाताला लागत नाही. एन-ॲसिटाइलगॅलॅक्टोसामाइन तर त्याहून कितीतरी कमी घातलं तरी पुरतं.

तुम्ही म्हणाल, धरलं तर धरलं, मारतो तर दुसऱ्याच कशाने ना? मलाही तसंच वाटायचं. अमीबाकडे अमीबापोर नावाची ७७ अमिनो आम्लांची छोटी प्रथिनं आहेत, ती पटलाला भोकं पाडतात. पुस्तकांत चित्र यायचं ते असं: आधी मारतो, मग गिळतो. पण धरल्याशिवाय तो मारत नाही. गॅलॅक्टोज घालून पकड सोडवली की शेजारी अमीबे असूनही पेशी जगतात. आणि २०१४ साली राल्स्टन, पेट्री आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अमीबा जिवंत पेशीचे लचके तोडतो. ट्रोगोसाइटोसिस म्हणतात त्याला, कुरतडून खाणं.

हे मी पाहिलंय. पेशींच्या पटलाला हिरवा चकाकणारा रंग दिलेला, खोली अंधारी, काच ३७ अंशांवर. अमीबा सरकत येतो, पेशीला टेकतो आणि काही मिनिटांत त्याच्या पोटात एक हिरवा ठिपका दिसतो. मग दुसरा. पेशी अजून शाबूत, गोल, जिवंत. बघता बघता त्या जागी निमुळता हिरवा धागा अमीबाच्या आत ओढला जातो आणि तुटतो. पाचसहा ठिपके झाल्यावर कधीतरी ती पेशी मरते, आणि मेली की अमीबाचा तिच्यातला रस संपतो. उरलेली तशीच टाकून तो पुढच्या पेशीकडे. मला त्या रात्री जेवण गेलं नाही, हे कबूल करते.

म्हणूनच 'परजीवीचा पेशींवर हल्ला' असं कुठे छापून आलं की मी कुरकुरते. हल्ला म्हटलं की दुरून काहीतरी फेकलंय असं वाटतं. इथे सगळा मामला अंगाला अंग लागण्याचा आहे.

आणि तेही सोपं नाही त्याला. मोठ्या आतड्याच्या पेशींवर श्लेष्माचा थर असतो आणि त्यातलं म्युसिन हे प्रथिन याच शर्करांनी लगडलेलं असतं. लेक्टिन तिथेच अडकून बसतं. लागण झालेल्या दहातल्या नऊ जणांना काहीच त्रास होत नाही, त्यात या थराचा वाटा मोठा. थर फोडायला अमीबा सिस्टीन प्रोटीएझ नावाची प्रथिनं कापणारी विकरं सोडतो, ती म्युसिन कापतात.

या लेक्टिनने आणखी एक जुना घोळही सोडवला. हिस्टोलिटिकाचा एक निरुपद्रवी जुळा भाऊ आहे, डिस्पार. सूक्ष्मदर्शकाखाली दोघे सारखे. ब्रूम्प्ट यांनी १९२५ सालीच सांगितलं होतं की ही दोन वेगळी आहेत. ते मान्य व्हायला १९९३ उजाडलं. आता मलात हिस्टोलिटिकाचंच लेक्टिन शोधणारी चाचणी आहे, नाहीतर कितीतरी लोकांनी भावाच्या गुन्ह्यासाठी औषधं घेतली असती. घेतलीही.

माझ्या शेजारच्या टेबलावर क्रिप्टोस्पोरिडियम होता, जुलाब घडवणारा दुसरा एक परजीवी. त्याची तऱ्हाच निराळी. मायक्रोनीम नावाच्या पुढच्या पिशव्यांतून प्रथिनं बाहेर सोडायची, त्यांच्या आधाराने घसरत जायचं आणि पेशीला चिकटायचं. चिकटण्यातली दोन प्रथिनं, जीपी४० आणि जीपी१५, एकाच लांब प्रथिनाचे कापलेले तुकडे आहेत. जीपी४० स्वतःच शर्करांनी माखलेलं. म्हणजे इथे साखर परजीवीच्याही अंगावर. पेशीचं पटल मग त्याच्याभोवती चढतं आणि तो त्याखाली राहतो, पण पेशीद्रवात उतरत नाही. घरात शिरायचं नाही, ओटीवरच पथारी पसरायची आणि वरून घराचंच पांघरूण ओढून घ्यायचं. त्याच्या जनुकांत हात घालता येऊ लागला तोच २०१५ साली, त्यामुळे शेजारीण माझ्या अमीब्यांकडे असूयेने बघायची.

एकदा माझ्या भावाने विचारलं, "मग गॅलॅक्टोज पाण्यातून प्यायलं की झालं ना तुमचं औषध?" प्रश्न वेडगळ नाही. पण अमीबा राहतो मोठ्या आतड्यात, आणि प्यायलेलं गॅलॅक्टोज त्याआधीच, लहान आतड्यात, शोषलं जातं. ते आत घेणारं प्रथिन ग्लुकोजचीही ने-आण करतं. त्याला दोन्ही बाटल्या सारख्याच.