तुम्ही विचारलंत म्हणून: देव मानत नाही, तर तोंड का फिरवलं?

हा प्रश्न मला दोन बाजूंनी येतो. भाविक माणसं विचारतात, "देव मानत नाहीस ना? मग 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट' बघताना तुला एवढं काय झालं?" विचारताना डोळ्यांत आशा असते, बाईच्या आत कुठेतरी काहीतरी शिल्लक असावं अशी. विवेकवादी मित्र विचारतात, "असला प्रचारपट बघायला बसलीसच कशाला?" त्यांच्या लेखी मी फितूर. दोघांनाही वेळ मारून नेणारी उत्तरं देऊन कंटाळले आहे.

श्रद्धा वगैरे जागी झाली नाही, हे आधीच सांगून टाकते. त्या वाटेनं कोणी आशेवर राहू नये.

येशूच्या शेवटच्या तासांवरचा मेल गिब्सनचा हा सिनेमा २००४ साली आला तेव्हा मी तो न बघताच त्याच्यावर तावातावानं बोलत असे. माझा मुद्दा तयार होता. बायबलात येशूची कथा सांगणारी चार शुभवर्तमानं आहेत: मत्तय, मार्क, लूक, योहान. योहानाच्या शुभवर्तमानात येशूला मारलेल्या फटक्यांना एक वचन आहे, १९व्या अध्यायातलं पहिलं. मत्तय आणि मार्क ती गोष्ट वाक्याच्या ओघात उरकतात, आणि लूकमध्ये शिक्षेची भाषा आहे ती रोमन सुभेदार पिलाताच्या तोंडी. मग एका ओळीच्या जागी हा माणूस पडदाभर रक्त का सांडतो? त्यातलं बरंच काही शुभवर्तमानांत नाहीच. ॲना कॅथरिना एमरिक या जर्मन जोगिणीचे दृष्टान्त १८३३ मध्ये पुस्तकरूपानं आले, त्यातून ते घेतलं आहे. फटक्यांनंतर येशूची आई मरीया फरशीवरचं रक्त कापडानं टिपते, ते तिथलंच. हा मुद्दा मी कितीतरी जणांच्या तोंडावर फेकला आहे.

मग एका मैत्रिणीनं बोलावलं. ती कॅथलिक आहे, दर गुड फ्रायडेला हा सिनेमा लावते. "तू नुसती बस माझ्याशेजारी," म्हणाली.

अटकेपर्यंत मी ठीक होते. पकडायला आलेल्यांतल्या एकाचा कान कापला गेला तेव्हाही. मग येशूला खांबाला बांधतात. आधी वेताच्या छड्या. शिपाई लॅटिनमध्ये एकेक आकडा मोजतात, त्यांना घाम फुटतो, धाप लागते. तो खाली कोसळतो. शिपाई हसतात, काम संपल्यासारखे. आणि तो खांबाला धरून पुन्हा उभा राहतो. मी मनात ओरडत होते, अरे उठू नकोस, पडून राहा! मग ते दुसरं हत्यार काढतात, आकडे लावलेला चाबूक. एकजण तो आधी लाकडी मेजावर मारून दाखवतो. आकडे लाकडात रुततात आणि उपटताना ढलप्या निघतात. पुढं काय होणार ते मेजानंच सांगितलेलं असतं, आणि तरी गिब्सन ते दाखवतो.

तिथं मी तोंड फिरवलं आणि मैत्रिणीकडे पाहिलं. तिचे ओठ हलत होते. डोळे वाहत होते, पण पापणी मिटत नव्हती. नजर पडद्यावर ठेवूनच म्हणाली, "बघ गं. माझ्यासाठी आहे हे."

मला संताप आला. कशाचा, ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं. मी म्हटलं, "तुझ्यासाठी आहे म्हणून तुला बघवतंय. मला तिथं नुसता एक माणूस दिसतोय, आणि त्याला सरकारी नोकर मारतायत."

तिनं रिमोट उचलला आणि सिनेमा थांबवला. नेमका तिथंच. ती पाठ पडद्यावर तशीच राहिली आणि आम्ही दोघी तिच्यासमोर बसून भांडलो. ती म्हणाली, "मग नुसता माणूस म्हणून तरी बघ. माणसाच्या दुःखाकडे पाठ फिरवायची, आणि वर माणुसकी आमच्यापेक्षा जास्त आहे म्हणायचं?" मी म्हटलं, रोज संध्याकाळी बातम्यांत बघतेच की. ती म्हणाली, "बघतेस? की चॅनल बदलतेस?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. पण एक गोष्ट तिनंही सोडून दिली. तिच्यासाठी त्या प्रत्येक फटक्याचा हिशेब लागतो. पाप, प्रायश्चित्त, तारण. फटका वाया जात नाही. माझ्या हिशेबात तो वायाच जातो. तिला जे बघवतं ते मला बघवत नाही, त्याचं कारण माझं काळीज मऊ आहे असं नाही. तो मेल्यावर पुन्हा उठतो, तो पुढचा रविवार मला नाही.

माझा जुना मुद्दाही तिथून डळमळला. एकच ओळ का, याचं एक उत्तर असं असू शकतं की ऐकणाऱ्यांना फटके म्हणजे काय ते सांगावं लागत नव्हतं. रोमनांनी इ.स.पू. ७१ मध्ये स्पार्टाकस या गुलामाचं बंड मोडल्यावर कापुआ ते रोम रस्त्यावर सुमारे ६,००० बंडखोर क्रुसावर चढवले. ज्या राज्यात ही शिक्षा भर रस्त्यात होते, तिथं एक ओळ पुरते. मला पुरत नाही. म्हणजे गिब्सन बरोबर? तसंही म्हणवत नाही. २००५ मध्ये त्यानंच काही मिनिटांची हिंसा कापून नवी आवृत्ती काढली, तेव्हा किती पुरे हे त्यालाही ठाऊक होतं असं दिसत नाही. आणि येशूला क्रुसावर द्या म्हणणाऱ्या यहुदी जमावाच्या तोंडचं मत्तयातलं ते वचन, "त्याचं रक्त आमच्यावर आणि आमच्या मुलाबाळांवर", त्यानं इंग्रजी अनुवादाच्या पट्टीतून काढलं, पण पात्रं बोलतात त्या ॲरेमिक भाषेत राहू दिलं. येशूच्या मृत्यूचा दोष सगळ्या यहुद्यांवर लादता येत नाही, असं व्हॅटिकननं १९६५ मध्येच जाहीर केलं होतं. ही बाब मी कोणालाही माफ करायला सांगणार नाही.

सिनेमातलं मला खरोखर आवडलेलं दृश्य वेगळंच आहे. सुतारकाम करणारा तरुण येशू उंच मेज बनवतो, आई विचारते, उभ्यानं जेवायचं का? ही असली चीज कधी चालायची नाही, असं तिचं मत. मग ती त्याला हात धुवायला लावते, तो तिच्या अंगावर पाणी उडवतो. यात देव कुठंच लागत नाही.

राहिला तो तिसऱ्या क्रुसावरचा चोर. येशूच्या दोन बाजूंना दोन चोर क्रुसावर असतात; लूकच्या शुभवर्तमानात एक चोर टोमणा मारतो, दुसरा शरण जातो. सिनेमात टोमणा मारणाऱ्याच्या डोक्यावर कावळा येऊन बसतो आणि त्याचा डोळा फोडतो. लूकमध्ये कावळा नाही. जो मानत नाही तोही त्याच उन्हात, तसाच टांगलेला आहे, पण त्याच्या वेदनेला कोणी रडत नाही. उलट ती त्याला लागलेली शिक्षा ठरते. भाविक मंडळींनो, मला काय झालं विचारता ना? इथं झालं. फटक्यांपेक्षा इथं जास्त.

मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "त्याला शेवटपर्यंत संधी होती." मी म्हटलं, मग तू त्याच्यासाठी का रडली नाहीस? ती म्हणाली, पुढच्या वर्षी ये, तेव्हा बघू. मी अजून हो म्हटलेलं नाही.