पाच संध्याकाळी, नऊ सिंफनी आणि रायचे मेस्त

या जुलैत पाच संध्याकाळी मी एकाच माणसाचं संगीत ऐकलं आणि ते अजून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसलोय. माणूस म्हणजे जर्मन संगीतकार बीथोव्हन. मी मूळचा म्हार्दोळचा, घरात भजन आणि नाट्यसंगीत, चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आरतीत घुमट (मातीच्या मडक्याला कातडं लावलेलं वाद्य) वाजवतो, एवढंच माझं संगीत. सिंफनी, म्हणजे अख्ख्या ऑर्केस्ट्राने वाजवायची, बहुतेकदा चार भागांची मोठी रचना, हा शब्द माहीत होता पण आतलं काही माहीत नव्हतं.

नोकरी मडगावात, म्हणून खोली रायला घेतली आणि शेजारी मेस्त निघाले. मेस्त म्हणजे आमच्याकडे चर्चमध्ये क्वायर सांभाळणारे, पोरांना सोलफा (पाश्चात्त्य सारेगम) आणि रेबेक म्हणजे व्हायोलिन शिकवणारे गुरुजी. गोव्याच्या गावागावांतल्या चर्चच्या शाळांनी अशी कितीतरी पिढ्यांना स्वरलिपी वाचायला शिकवलं, आणि ती माणसं मुंबईला जाऊन सिनेमाच्या स्टुडिओत बसली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच, प्यारेलालजींचे व्हायोलिनचे गुरू, 1958 मध्ये त्यांनी मुंबईत भारतीय संगीतासाठी स्वतःचा सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. आमचे मेस्तही मुंबईला होते, व्हियोला वाजवायचे, व्हायोलिनपेक्षा थोडा मोठा आणि खालच्या सुराचा. सिंथेसायझर आल्यावर वीस-वीस तंतुवाद्यांचं काम एका कीबोर्डवर व्हायला लागलं, तेव्हा ते परत आले. त्यांच्या कपाटात बीथोव्हनच्या नवव्या सिंफनीचा व्हियोलाचा पार्ट, म्हणजे फक्त व्हियोलाने वाजवायची स्वरलिपी, आहे, झेरॉक्स, पेन्सिलीच्या खुणांनी भरलेला. घरी पूर्ण बसवलेला. ऑर्केस्ट्रात कधी वाजवायला मिळाला नाही.

त्यांचा भाचा इंग्लंडात स्विंडनला असतो, त्याने लंडनच्या प्रॉम्स या उन्हाळी संगीत महोत्सवातला बीथोव्हन टीव्हीवरून रेकॉर्ड करून ठेवलेला, तो या मे महिन्यात पेन ड्राइव्हवर घेऊन आला. जुलै 2012, रॉयल अल्बर्ट हॉल, पाच कॉन्सर्टमध्ये नऊच्या नऊ सिंफनी, सगळ्या एकाच ऑर्केस्ट्राने वाजवलेल्या. ऑर्केस्ट्राचं नाव वेस्ट-ईस्टर्न दिवान. कंडक्टर डॅनियल बॅरेनबॉइम आणि लेखक एडवर्ड सईद या दोघांनी 1999 मध्ये जर्मनीत वायमारला हा सुरू केला, एक इस्रायली, एक पॅलेस्टिनी, आणि वाजवणारी तरुण मुलं इस्रायलची आणि अरब देशांतली. तंतुवाद्यवाले एका स्टँडवर दोघं-दोघं एकच कागद वाचतात, पान एकाने उलटायचं तोवर दुसरा वाजवत राहतो. मेस्तांना मी विचारलं यांचं जमतं कसं, तर म्हणाले पान वेळेवर उलटलं नाही तर दोघांचाही सूर जातो, मग जमवावंच लागतं. (मधे मधे पिएर बुलेझ या फ्रेंच संगीतकाराच्या रचना होत्या, त्या आम्ही बाजूला ठेवल्या, एका वेळी एकच माणूस पुरे.)

तर आम्हीही तेच केलं, पाच संध्याकाळी, त्याच क्रमाने, बाहेर धो धो पाऊस.

पहिल्या दिवशी मी जरा अवघडून बसलेलो. कारण सांगतो. खूप वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात एक भाग संपल्यावर मी टाळ्या वाजवल्या (सगळी रचना संपेपर्यंत थांबायचं असतं हे माहीत नव्हतं), आणि पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून असं बघितलं की नंतर मी त्या वाटेला गेलोच नाही. मेस्तांना हे सांगितलं तर ते चिडलेच. म्हणाले 8 डिसेंबर 1813 ला व्हिएन्नात सातवी सिंफनी पहिल्यांदा वाजली, लढाईत जखमी झालेल्या सैनिकांच्या मदतीसाठीचा कार्यक्रम होता, आणि दुसरा भाग लोकांना इतका आवडला की तो तिथल्या तिथे परत वाजवायला लावला. म्हणजे आपल्या संगीत नाटकांतला वन्स मोअरच की! माझ्या आजोबांनी मास्टर दीनानाथांच्या गाण्यांना मिळणाऱ्या वन्स मोअरच्या गोष्टी सांगितलेल्या, ते सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं आणि तिथून पुढे मी मोकळा झालो.

तिसऱ्या दिवशी सहावी आणि पाचवी. या दोन्ही 22 डिसेंबर 1808 ला व्हिएन्नात एकाच कार्यक्रमात पहिल्यांदा वाजल्या होत्या, शिवाय चौथा पियानो कॉन्चेर्टो (पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना) आणि बरंच काही, चार तास, थंडीत कुडकुडत. पाचवीची सुरुवात सगळ्यांना माहीत असते. पण मेस्तांनी मला थांबवलं ते तिसऱ्या भागाच्या शेवटाला. तिथे सगळं जवळजवळ विझतं, तंतुवाद्यं एक सूर धरून राहतात, आणि खाली टिंपनी, म्हणजे ते तांब्याचे मोठे नगारे, अगदी हळू ठोके देत राहतात. "मेज रे पुता," मेस्त म्हणाले. मोज. मी मांडीवर मोजायला लागलो आणि मोजता मोजता सगळा ऑर्केस्ट्रा उजेडासारखा फुटला, न थांबता सरळ चौथा भाग. ट्रॉम्बोनवाले (लांब पितळी कर्णे वाजवणारे) तिथवर तीन भाग नुसते गप्प बसून असतात, त्यांचा पहिला सूर तिथे येतो. आम्ही ते चार वेळा मागे नेऊन ऐकलं. घुमट वाजवणाऱ्याला कळेल मी काय म्हणतोय ते, आरती चढायच्या आधी शामेळवाला (शामेळ म्हणजे घुमटाच्या साथीचा ढोल) हात हलका करतो आणि आपण श्वास धरून असतो, तसं.

पण माझी म्हणाल तर सातवी. चौथ्या दिवशी तीच ऐकली आणि तिचा तो दुसरा भाग, ज्याला वन्स मोअर मिळाला तो. एक मात्रा, मग अर्धी अर्धी, मग एक, एक. दाऽ द-द दाऽ दाऽ. बस एवढंच, आणि ते जवळजवळ शेवटपर्यंत सुटत नाही. सुरुवात खालच्या तंतुवाद्यांवर, व्हियोला आणि त्याहून मोठे, आणखी खालच्या सुराचे चेलो आणि बास, इतकी हळू की पावसात ऐकू येईना म्हणून मेस्तांनी उठून खिडकी लावली. मग तीच चाल सेकंड व्हायोलिनकडे, म्हणजे व्हायोलिनवाल्यांच्या दुसऱ्या गटाकडे, जाते आणि व्हियोला-चेलो तिच्यावर एक वेगळीच गाणारी चाल धरतात, मग फर्स्ट व्हायोलिन येतात, एकेक माणूस दिंडीत सामील व्हावा तसा आवाज वाढत जातो. मेस्तांचा डावा हात खुर्चीच्या हातावर चालत होता, बोटं बरोबर पडत होती. संपल्यावर म्हणाले, व्हियोलावाल्याला आयुष्यभर मधली भरच घालायची असते, इथे या माणसाने आम्हाला गाणं दिलं.

एकाच संगीतकाराचा महोत्सव का करायचा हे मला आता कळतंय. वास्कोला दामोदराचा भजनी सप्ताह असतो, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होऊन चोवीस तास अखंड भजन. तिथे तास-दोन तास जाऊन येणं वेगळं आणि रात्र काढणं वेगळं, पहाटे तेच भजन वेगळं ऐकू येतं. तसंच इथे. पहिली-दुसरी ऐकली तेव्हा माणूस तिशीचा, कान जायला लागलेले. नववीपर्यंत पूर्ण बहिरा. हे सगळं पाच दिवसांत आपल्या समोर घडतं, सुटी एखादी सिंफनी ऐकून ते घडत नाही.

नववी शेवटच्या दिवशी एकटीच. लंडनला ती 27 जुलैला होती, त्याच रात्री ऑलिंपिकचं उद्घाटन, आणि इथून उठून बॅरेनबॉइम तिकडे गेले, ऑलिंपिकचा झेंडा धरून चालणाऱ्यांत ते होते. तिचा पहिला कार्यक्रम 7 मे 1824 चा. बीथोव्हन स्टेजवर हातवारे करत होता पण वाजवणाऱ्यांनी बघायचं होतं उमलाऊफ या दुसऱ्या कंडक्टरकडे. टाळ्या ऐकू येईनात, तेव्हा कॅरोलिन उंगर या गायिकेने त्याला धरून लोकांकडे वळवलं. मेस्तांनी ते झेरॉक्स मांडीवर घेतलेलं. चौथ्या भागात ती प्रसिद्ध चाल आधी चेलो-बासवर एकटी येते, मग व्हियोलाकडे, आणि तिथे त्यांनी पानावर बोट ठेवून मला दाखवलं, "हांगा पळे". इथे बघ. नंतर क्वायर सुरू झालं तेव्हा ते कागदाकडे बघत नव्हते.

26 मार्च 2027 ला बीथोव्हनला जाऊन 200 वर्षं होतात. 2020 ला जन्माची 250 होती तेव्हा कोविडने जगभरचे कार्यक्रम बुडाले. आता गोव्यात काहीतरी व्हायलाच हवं असं मला मनापासून वाटतं, मुंबईला इतकी माणसं पुरवली आपण, आपल्या मातीत एक सिंफनी वाजायला नको? मेस्तांनी कॅलेंडर मोजून सांगितलं की त्या दिवशी गुड फ्रायडे आहे. चर्चची घंटासुद्धा वाजत नाही, नुसती मात्राक, म्हणजे लाकडी खडखडं. म्हणजे ईस्टर झाल्यावर.

ठरलंय ते छोटंसंच, सातवीचा दुसरा भाग, जमतील तेवढ्या वाद्यांवर. मेस्त व्हियोला, त्यांच्या दोन विद्यार्थिनी व्हायोलिनवर, बासवर मडगावचा एक दोस्त. टिंपनी नाहीत म्हणून मेस्त म्हणतात घुमट आण, बघूया. चेलो अजून मिळालेला नाही. कुणाच्या घरी आजोबांचा पडून असेल, तारा तुटलेल्या असल्या तरी चालेल, सांगा.