काजळी, लेव्हल ६: शॅडो स्टेप हातात आलं

माझं कॅरेक्टर काजळी सहाव्या लेव्हलला पोचली आणि शॅडो स्टेप, म्हणजे एका अंधारातून दुसऱ्या अंधारात उडी, एकदाचं तिच्या शीटवर चढलं. नव्याने वाचणाऱ्यांसाठी: डन्जन्स अँड ड्रॅगन्स (टेबलावर फासे टाकत भूमिका वठवायचा खेळ), पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम; काजळी वुड एल्फ वंशाची, मंक म्हणजे लढवय्या भिक्षू क्लासची, त्यातली वे ऑफ शॅडो शाखा. टेबल राजारामपुरीत, रविवारी दुपारी.

लपणारं कॅरेक्टर करायचं म्हटलं की बहुतेकजण रोग (rogue, म्हणजे चोर) क्लास घेतात. क्लास उत्तमच आहे, दुसऱ्या लेव्हलपासून बोनस ॲक्शनमध्ये, म्हणजे मुख्य कृती न गमावता, लपता येतं. पण तो एकटा लपतो. मला अख्खी पार्टी लपवणारं कोणीतरी हवं होतं. पन्हाळ्याच्या पायथ्याशी वाढलेल्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. जुलै १६६० मध्ये महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून भर पावसात निघाले, ते सुमारे ६०० मावळ्यांसह. इतकी माणसं चौक्या चुकवून मसाई पठाराकडे कशी नेली असतील, हा विचार मी काजळी बांधताना सतत करत होतो.

त्याचं नियमांतलं उत्तर म्हणजे पास विदाउट ट्रेस हा मंत्र. तिसऱ्या लेव्हलला वे ऑफ शॅडो मंकला तो २ की (ki, मंकची आतली शक्ती) पॉइंटमध्ये मिळतो. ३० फुटांच्या आतल्या प्रत्येक साथीदाराला स्टेल्थवर (लपण्याच्या फाशावर) १० ची भर, तासभर. हिशोब करून बघा. आमच्या फायटरची डेक्स्टेरिटी (चपळाई) १०, म्हणजे फाशावर भर शून्य, आणि अंगावर प्लेटचं चिलखत, म्हणजे दोन डाइस टाकून कमी पडेल तो घ्यायचा. दोन्हींवर १ पडला तरी बेरीज ११. साध्या पहारेकऱ्याचं पॅसिव्ह पर्सेप्शन (फासा न टाकता धरायची सावधगिरी) १२, मंद उजेडात ५ वजा होऊन ७. म्हणजे मशालीच्या मंद कडेने गेलं, तर पत्रा वाजवत चालणारा आमचा गडीसुद्धा फासा पडायच्या आधीच पास! मशालीचा लख्ख उजेड २० फूट, त्यापुढे मंद उजेड आणखी २० फूट. म्हणून मी नकाशावर प्रत्येक मशालीभोवती पेन्सिलने दोन वर्तुळं काढतो. लपण्याची परवानगी देणं शेवटी डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, हातात असतं. पण काजळी वुड एल्फ असल्यामुळे तिला जोरदार पावसात आणि धुक्यात नुसत्या आडोशावर लपता येतं, आणि आमच्या डीएमच्या जगात पाऊस कोल्हापूरसारखाच पडतो.

तिची पार्श्वभूमीही यातूनच आली. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव आपण सगळ्यांनी पाहिलाय. मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात आणि चरणांपासून वर सरकत मुखापर्यंत जातात. काजळीच्या मठातले भिक्षू वर्षभर एवढंच टिपत असतात: कोणत्या तिथीला, कोणत्या घटकेला उजेड कुठवर पोचतो. पुढचं सगळं त्यातून आपोआप कळतं. ती अंधाराची भक्त नाही, उजेडाचा हिशोब ठेवणारी आहे. टेबलावर तिच्या तोंडी वाक्यंही मी तशीच घालतो.

आता शॅडो स्टेप. मंद उजेडातून किंवा अंधारातून ६० फुटांपर्यंत दिसणाऱ्या दुसऱ्या अंधाऱ्या जागी, बोनस ॲक्शनमध्ये, आणि की पॉइंट शून्य. शिवाय त्याच टर्नमधल्या पहिल्या जवळच्या हल्ल्याला ॲडव्हान्टेज, म्हणजे दोन फासे टाकून मोठा घ्यायचा. डीएमने यावेळी पन्हाळ्याच्या अंधारबावीवरून नकाशा बेतला होता: तीन मजले, अरुंद पायऱ्या, तळाशी विहीर. काजळी वरच्या कमानीतून थेट तळाच्या कठड्यावर. तिथल्या मांत्रिकावर आवाज बंद पाडणारं सायलेन्स, मग त्याच्या तोंडून एक मंत्र निघेना. तोपर्यंत बाकीचे पायऱ्या उतरून आले. या क्लासमध्ये मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच: सायलेन्सला लोक विसरतात, आणि मंत्र उच्चारावेच लागणाऱ्या शत्रूसमोर त्याच्याइतकं घातक काही नाही.

डार्कनेस या काळोख पसरवणाऱ्या मंत्राबद्दल नेहमी विचारलं जातं. आपण केलेल्या काळोखात २०१४ च्या नियमांप्रमाणे काजळीलाही दिसत नाही. २०२४ च्या नियमांत मंकला ती नजर मिळालीय, चांगला बदल आहे. वॉरलॉक क्लासच्या दोन लेव्हल घेऊन डेव्हिल्स साइट (जादूच्या काळोखातही बघणारी नजर) मिळवता येतं, पण मग मंकचं अकराव्या लेव्हलचं क्लोक ऑफ शॅडोज (अंधारात अदृश्य होणं) तेराव्यावर जातं. मला ते परवडणारं नाही. त्याऐवजी काजळी खड्यावर डार्कनेस टाकून तो झाकणाच्या डबीत ठेवते. झाकण घट्ट असेपर्यंत काळोख आत, उघडलं की १५ फुटांत काही दिसत नाही. पळवाट हवी असताना हे सोनं आहे. एवढं लक्षात ठेवा की डार्कनेस, सायलेन्स आणि पास विदाउट ट्रेस तिन्हींना कॉन्सन्ट्रेशन लागतं, एका वेळी एकच चालतं.

आकडे: चौथ्या लेव्हलला डेक्स्टेरिटी १८ आणि विझडम १७ केलं, एसी (अंगावरचा वार चुकवण्याचा आकडा) १७, स्टेल्थ अधिक ७. आठव्या लेव्हलला विझडम १८ करणं सरळ आहे, एसी आणि स्टनिंग स्ट्राइक (शत्रूला सुन्न करणारा फटका) दोन्ही सुधारतात. तरी मी त्याऐवजी स्कल्कर हे लपण्याचं खास कौशल्य घेणार आहे. मंद उजेडात कुठेही लपता येईल, पावसाची वाट बघायला नको, आणि एल्फच्या नजरेला मंद उजेडासारख्या दिसणाऱ्या अंधारातही तिला बघायला त्रास होणार नाही. पेन्सिलच्या बाहेरच्या वर्तुळात तिला मग पावसाची परवानगी लागणार नाही.